शर्यतीची गाडी शोरूममध्ये का येते? पोर्शे ९५९ ची जन्मकथा

२०२२ च्या नोव्हेंबरात दोन अजब गाड्या पाठोपाठ जगासमोर आल्या. पोर्शेने '९११ डाकार' दाखवली आणि लॅम्बोर्गिनीने 'हुराकान स्टेराटो'. दोन्ही मूळच्या जमिनीला चिकटून धावणाऱ्या स्पोर्ट्स कार. या अवतारात मात्र त्या उंच झाल्या होत्या, मातीत चालतील असे टायर घातले होते आणि खालून दगड लागू नये म्हणून संरक्षक पत्रे बसवले होते. पोर्शेने २,५०० गाड्या करायचं ठरवलं, लॅम्बोर्गिनीने १,४९९. फोटो पाहून बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न आला असेल: एवढे पैसे मोजून घेतलेली गाडी धुळीत घालणार कोण?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला चाळीसेक वर्षं मागं, पश्चिम जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या परिसरात जावं लागतं. तिथे एका छोट्या कंपनीने रॅलीच्या नियमांत बसावी म्हणून एक गाडी करायला घेतली, आणि ती पूर्ण होईतो नियमच रद्द झाले. ती गाडी म्हणजे पोर्शे ९५९. ती रॅलीसाठी जन्मली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. रॅली हे निमित्त होतं. कंपनीच्या इंजिनिअरांना हवी होती ती चाकांवर धावणारी प्रयोगशाळा, आणि तिचा खर्च मंजूर करून घ्यायला शर्यतीसारखं दुसरं कारण नव्हतं.

रॅली नेमकी कशी असते

फॉर्म्युला वनमध्ये सगळ्या गाड्या बंद ट्रॅकवर एकदम सुटतात. रॅलीत त्या ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात आणि रस्ता खराखुरा असतो. कधी डोंगरातला घाट, कधी जंगलातली मातीची वाट, कधी बर्फ. रहदारीला बंद केलेल्या अशा प्रत्येक पट्ट्याला 'स्टेज' म्हणतात. सगळ्या स्टेजची वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. शेजारी बसलेला सहचालक वहीत बघून पुढचं वळण किती तीव्र आहे ते ओरडून सांगत असतो, कारण वळणापलीकडचं काही दिसत नसतं.

एक बारीकशी गोष्ट इथे महत्त्वाची आहे. एक स्टेज संपवून दुसरीपर्यंत जाताना याच गाड्या नेहमीच्या रहदारीतून, नंबर प्लेट लावून, सिग्नलला थांबत जातात. म्हणजे रॅलीची गाडी रस्त्यावर चालवायला कायदेशीर असावी लागते. फॉर्म्युला वनच्या गाडीला ही अट नाही.

वाळवंट तुडवत जाणाऱ्या डाकारसारख्या स्पर्धा हा याच घराण्यातला वेगळा प्रकार. तिथे स्टेज शेकडो किलोमीटरची असते, रस्ता असेलच असं नाही, आणि शर्यत दोन-तीन आठवडे चालते.

दोनशे गाड्यांचा नियम

आता मुख्य शब्द: होमोलोगेशन. नियामक संस्था गाडी तपासून 'ही आमच्या नियमांत बसते' अशी मान्यता देते, ती ही प्रक्रिया. आपल्याकडे कुठलंही नवं मॉडेल विक्रीला आणण्याआधी त्याला अशीच मान्यता लागते आणि पुण्यातली एआरएआय ही संस्था त्या चाचण्या करते. तिथे प्रश्न असतो की गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे का, धूर किती सोडते. शर्यतीतल्या होमोलोगेशनचा प्रश्न निराळा: ही गाडी तुम्ही खरोखर लोकांसाठी बनवली आहे, की फक्त आमची स्पर्धा जिंकण्यासाठी गॅरेजमध्ये एकच तयार केली आहे?

हे ओळखायचं कसं? सोपा उपाय म्हणजे आकडा. अमुक इतक्या गाड्या बनवून दाखवा, मग तिला शर्यतीत उतरवा. १९७० च्या दशकात लान्चिया कंपनीने 'स्ट्राटोस' नावाची पाचरीसारखी गाडी मुळातच रॅलीसाठी आखली आणि नियमाचा आकडा भरावा म्हणून रस्त्यावरच्या गाड्या बनवल्या. १९७४ ते १९७६ अशी ओळीने तीन वर्षं तिने जागतिक रॅली स्पर्धेत कंपन्यांचं अजिंक्यपद घेतलं. इथे उलटी गंगा वाहू लागली. आधी रस्त्यावरची गाडी आणि मग तिची शर्यतीची आवृत्ती हा क्रम बदलला. शर्यतीची गाडी आधी ठरू लागली आणि रस्त्यावरची गाडी तिचा दाखला म्हणून मागून येऊ लागली.

१९८२ मध्ये 'ग्रुप बी' नावाचे नवे नियम आले. त्यात अट होती बारा महिन्यांत फक्त २०० गाड्यांची. शिवाय आणखी २० गाड्या बनवल्या की सुधारित आवृत्तीलाही परवानगी. शेजारच्या 'ग्रुप ए' गटात हाच आकडा ५,००० होता. पाच हजार गाड्या खपवायच्या तर गाडी चार लोकांना परवडणारी हवी. दोनशेच खपवायच्या असतील तर किंमत काहीही ठेवा, दोनशे हौशी धनिक कुठेही सापडतात. नियम ढिला झाला आणि कंपन्यांच्या कल्पनाशक्तीला पंख फुटले.

भिंतीवर गेलेली रेघ

पोर्शेची त्या वेळची अवस्था समजून घेतल्याशिवाय ९५९ कळत नाही. कंपनीची ओळख म्हणजे ९११, मागच्या बाजूला इंजिन असलेली, १९६० च्या दशकातली रचना. १९८० च्या सुमारास व्यवस्थापनाचा कल तिला निरोप देण्याकडे होता. इंजिन पुढे असलेल्या नव्या गाड्या तयार होत्या.

जानेवारी १९८१ मध्ये पीटर शुट्झ प्रमुख झाले. ते बर्लिनमध्ये जन्मलेले, पण लहानपणीच कुटुंबासह अमेरिकेत गेलेले. त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेला किस्सा असा: संशोधन विभागाचे प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक मॉडेलचं भवितव्य दाखवणाऱ्या रेघा त्यावर ओढलेल्या होत्या. बाकीच्या रेघा पुढच्या वर्षांत गेलेल्या, ९११ ची मात्र १९८१ पाशीच थांबलेली. शुट्झ यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ पुढे ओढत नेली, तक्त्याच्या कडेवरून थेट भिंतीवर.

रेघ वाढवायला मार्कर पुरतो, गाडीचं आयुष्य वाढवायला इंजिनिअर लागतात. बोट यांच्यापुढे आता प्रश्न होता की या जुन्या रचनेतून अजून किती निघू शकतं. चारही चाकांना ताकद देता येईल का? इलेक्ट्रॉनिक्स आणता येईल? नवं शरीर, नवे पदार्थ? हे सगळं एकाच गाडीत कोंबून बघायचं तर अशा गाडीला काहीतरी कारण हवं. ग्रुप बी ने ते आयतं पुरवलं. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात 'ग्रुप बी' याच नावाने गाडीचा नमुना दिसला. मानफ्रेड बांटले या इंजिनिअरकडे प्रकल्पाची सूत्रं होती.

इंजिन २.८५ लिटरचंच का?

हा आकडा विचित्र आहे ना? सरळ तीन लिटर का नाही? कारण नियमात एक गुणाकार दडलेला होता. टर्बो असलेल्या इंजिनाची क्षमता मोजताना तिला १.४ ने गुणायचं आणि येईल त्या आकड्यावरून गाडीचा वर्ग ठरवायचा. वर्गावर किमान वजन अवलंबून. २.८५ गुणिले १.४ म्हणजे ३.९९. चार लिटरच्या वर्गाची कड अगदी नखभर राखून गाठलेली. गंमत म्हणजे फेरारीनेही याच ग्रुप बी साठी '२८८ जीटीओ' करताना इंजिन २,८५५ सीसीचं ठेवलं. दोन देशांतल्या दोन कंपन्या, दोन वेगळ्या जातीची इंजिनं, आणि आकडा जवळपास तोच. कारण नियमपुस्तक एक होतं.

टर्बो म्हणजे एक पंखा. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. अडचण एवढीच की इंजिन हळू फिरत असताना वायूचा जोर कमी असतो. मग ड्रायव्हर पाय देतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि नंतर एकदम पिकअप येतो. सरळ रस्त्यावर हे चालून जातं. ओल्या घाटात वळणाच्या मध्यावर ताकदीचा असा झटका आला तर गाडी दरीत.

पोर्शेने दोन टर्बो बसवले, पण दोघांना एकदम कामाला लावलं नाही. कमी वेगात सगळा वायू एकाच टर्बोकडे, म्हणजे तो लवकर फिरू लागतो. इंजिन मिनिटाला चार हजारांहून जास्त फेरे घेऊ लागलं की दुसरा सामील होतो. यातून ४५० हॉर्सपॉवर निघाली.

आणखी एक तडजोड मला फार आवडते. ९११ चं इंजिन हवेवर थंड होणारं, आणि पोर्शेप्रेमींच्या दृष्टीने ते जवळपास धर्मच होतं. पण दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह बसवले की वरच्या भागात, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये, इतकी उष्णता साठते की हवा पुरी पडत नाही. म्हणून ९५९ मध्ये हेडला पाणी आणि खालच्या सिलिंडरला हवा. धर्मही राखला, इंजिनही वितळलं नाही.

कुठल्या चाकाला किती ताकद?

गाडीचा खरा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एसटी झटक्यात सुटली की उभे असलेले सगळे मागे रेलतात. गाडीचंही तसंच होतं. पाय दिला की वजन मागच्या चाकांवर जातं, ब्रेक मारला की पुढच्या. आणि टायरची पकड त्याच्यावर किती वजन आहे यावर ठरते. मग ताकद कायम निम्मी पुढे, निम्मी मागे वाटली तर काय होईल? जोरात निघताना पुढची चाकं हलकी झालेली असतात, ती जागच्या जागी फिरतील. मागच्यांना अजून बरीच ताकद पेलली असती, ती मिळणार नाही.

ऑडीने १९८० मध्ये 'क्वाट्रो' आणून रॅलीच्या जगात चारही चाकांच्या ताकदीची जादू दाखवली होती आणि १९८२ चं कंपन्यांचं अजिंक्यपदही मिळवलं होतं. पोर्शेला त्याच्या पुढे जायचं होतं, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारी वाटणी करायची होती. त्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अनेक चकत्यांचा एक क्लच बसवला. चकत्या तेलाच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या की पुढे जास्त ताकद जाते, सैल सोडल्या की कमी. दाब किती द्यायचा हे संगणक ठरवतो. चाकांचा वेग, पाय किती दाबला आहे, गिअर कुठला आहे, हे सगळं बघून. मोकळ्या कोरड्या रस्त्यावर पूर्ण पाय दिला तर ८० टक्क्यांपर्यंत ताकद मागे.

ड्रायव्हरलाही यात हात घालता येत होता. स्टिअरिंगजवळच्या एका दांडीने चारांपैकी एक पर्याय निवडायचा: कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, आणि रुतलेली गाडी बाहेर काढायची असेल तर 'ट्रॅक्शन'. समोरच्या डॅशबोर्डवर एक खास डायल होता. या क्षणी पुढे किती ताकद जाते आहे आणि मागची चाकं एकमेकांना किती घट्ट बांधली आहेत, हे तो दाखवायचा. हल्लीच्या एसयूव्हीत 'स्नो', 'मड', 'सँड' अशी गोल कळ फिरवताना आपल्याला त्यात नवल वाटत नाही. १९८५ च्या आसपास रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्ये हे विज्ञानकथेतलं वाटायचं.

गिअरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. गिअर सहा, पण पहिल्यावर '१' लिहिलेलं नव्हतं. तिथे 'जी' हे अक्षर होतं, 'गेलेंडं' या जर्मन शब्दाचं, म्हणजे खडबडीत मुलूख. नेहमी निघायचं ते त्याच्या पुढच्या गिअरमध्ये. जमिनीपासूनची उंचीही तीन टप्प्यांत बदलता यायची, १२० ते १८० मिलिमीटर, आणि वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसायची. बॉडीला केव्हलारसारखे धागे असलेलं संमिश्र साहित्य, दारं आणि बोनेट ॲल्युमिनियमचे. मॅग्नेशियमच्या चाकांचे आरे आतून पोकळ, आणि टायरमधली हवा कमी झाली की ड्रायव्हरला इशारा.

या सगळ्यामुळे गाडी हलकी राहिली नाही. नेहमीच्या आवृत्तीचं वजन १,४५० किलो होतं. रॅली जिंकायला निघालेला माणूस इतकं सामान बरोबर घेत नाही. माझा संशय इथेच पक्का होतो.

वाळवंटातली परीक्षा

बेल्जियमचा जॅकी इक्स हा ल मॉंची २४ तासांची शर्यत सहा वेळा जिंकलेला ड्रायव्हर. १९८३ चं डाकारही त्याने मर्सिडीजच्या जीपसारख्या गाडीतून जिंकलं होतं. त्याने पोर्शेच्या मागे लागून सांगितलं की चार चाकांची ही यंत्रणा आफ्रिकेत तपासा. तेव्हा ही स्पर्धा फ्रान्समधून निघून सहारा ओलांडत सेनेगलच्या डाकारला पोहोचायची. आता ती सौदी अरेबियात होते, आणि पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये तिच्या जुन्या गाड्यांच्या गटात उतरले, तेव्हा आपल्याकडेही तिच्या बातम्या झाल्या.

१९८४ मध्ये पोर्शेने उंच केलेल्या ९११ ला चारही चाकांची ताकद दिली. ही यंत्रणा अजून साधी होती, संगणकाशिवायची. रने मेट्झ आणि दोमिनिक लमॉयन ही फ्रेंच जोडी पहिली आली. वाळूत स्पोर्ट्स कार जिंकते हे लोकांना पचायला वेळ लागला.

१९८५ मध्ये ९५९ ची बॉडी आली, पण टर्बो इंजिन तयार नव्हतं, म्हणून साधं इंजिन घालून तीन गाड्या पाठवल्या. तिन्ही गारद. कुठे अपघात, कुठे मोडतोड. त्याच वर्षी पुढे इजिप्तच्या फॅरोज रॅलीत मात्र कतारचा सईद अल-हाजरी ९५९ घेऊन जिंकला.

मग आलं १९८६ चं डाकार. मेट्झ-लमॉयन पहिले, इक्स आणि फ्रेंच अभिनेता क्लोद ब्रासर दुसरे. तिसरी ९५९ रोलांड कुसमाउल चालवत होते. ते पोर्शेचेच इंजिनिअर. पुढच्या दोन गाड्यांना काही झालं तर मदत करायची, सुटे भाग पोहोचवायचे, हे त्यांचं काम. मेकॅनिकची गाडी म्हणून निघालेली ती गाडी सहावी आली! स्पर्धेवर मात्र दुःखाचं सावट होतं. संस्थापक तिएरी साबिन यांचा त्याच स्पर्धेदरम्यान हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू झाला.

एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. आफ्रिकेत मिळणारं पेट्रोल हलक्या प्रतीचं, म्हणून डाकारच्या गाडीची ताकद ४०० हॉर्सपॉवरवर आणली होती. ग्राहकाला मिळालेल्या गाडीत ४५० होती. शर्यतीची गाडी सौम्य आणि रस्त्यावरची आडदांड.

आणि ग्रुप बी?

तो तोवर मरणपंथाला लागला होता. कंपन्यांची चढाओढ इतकी टोकाला गेली की लान्चियाच्या 'डेल्टा एस ४' सारख्या गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास आणि ताकद ४५० हॉर्सपॉवरच्या वर, अशी स्थिती आली. म्हणजे लहान हॅचबॅकच्या वजनात सुपरकारचं इंजिन, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेला. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षकांचा बळी गेला. २ मे रोजी कोर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांची डेल्टा एस ४ रस्ता सोडून खाली कोसळली आणि पेटली. दोघेही गेले. त्यानंतर लगेच घोषणा झाली की १९८७ पासून जागतिक रॅली स्पर्धेत ग्रुप बी नाही.

ग्राहकांना ९५९ मिळू लागल्या त्या १९८७ मध्ये. ज्या गटासाठी २०० गाड्यांचा आकडा भरायचा होता, तो गटच उरला नव्हता.

"मग तिला रॅलीची गाडी म्हणायचं कशाला?"

ज्या जागतिक रॅली स्पर्धेचे नियम समोर ठेवून ती आखली, त्या स्पर्धेत ती एकदाही उतरली नाही हे खरं आहे. अनेक लेखांत हे सफाईने गाळलेलं असतं. तरी रॅलीचा संबंध खोटा नाही. क्लच, सस्पेन्शन, इंजिन या सगळ्यांची कसोटी खऱ्या वाळवंटात, खऱ्या स्पर्धेत लागली. तिची ट्रॅकवरची आवृत्ती '९६१' १९८६ मध्ये ल मॉंला एकूणात सातवी आली. म्हणजे वाळू, डांबर आणि रोजचा रस्ता असं तिन्ही ठिकाणी एकच मूळ चाललं. माझ्या मते अजिंक्यपदाच्या चषकापेक्षा बोट यांना हे जास्त हवं असणार.

"तोट्यात कोण विकतं?"

९५९ ची किंमत होती ४,२०,००० जर्मन मार्क. प्रत्येक गाडीमागे पोर्शेला याच्या दुपटीहून जास्त खर्च आला, असं तेव्हापासून बोललं जातं. गाड्या झाल्या तीनशेच्या आसपास.

धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणा वाटतो. पण खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हा प्रश्न आहे. विक्रीच्या खात्यात टाकला तर तोटा. संशोधनाच्या खात्यात टाकला तर उलट दिसतं: संशोधनावर तर पैसे जाणारच होते, इथे ग्राहकांनी त्यातला काही भाग उचलला. हा युक्तिवाद मला पटतो, पण पूर्णपणे नाही. गाडी उशिरा आली. त्याच दशकाच्या अखेरीस डॉलर घसरला आणि अमेरिकेच्या बाजारावर भिस्त ठेवलेली पोर्शे चांगलीच अडचणीत आली. अशा वेळी तीनशे महागड्या प्रयोगांचं ओझं हलकं नसतं. शुट्झ १९८७ संपताना पायउतार झाले, बोटही पुढच्या वर्षी कंपनीबाहेर पडले.

अमेरिकेत तर ९५९ विकताच आली नाही. तिथल्या नियमानुसार धडक चाचणीसाठी गाड्या फोडून दाखवाव्या लागतात, आणि त्यासाठी चार गाड्या द्यायला पोर्शेने नकार दिला. बिल गेट्स यांनी तरीही एक मागवली. ती सीमाशुल्क विभागाने सॅन फ्रान्सिस्कोत अडकवून ठेवली आणि सुमारे १३ वर्षं तिथेच पडून राहिली. अखेर १९९० च्या दशकाच्या शेवटी 'प्रदर्शनापुरती परवानगी' देणारा नियम आला: तांत्रिक किंवा ऐतिहासिक महत्त्वाची गाडी आणा, पण वर्षाला २,५०० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४,००० किलोमीटरपेक्षा जास्त चालवू नका.

"आपल्यासारख्यांना याचं काय?"

इथे उत्साहाच्या भरात खोटं बोललं जातं. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं तंत्र, ९५९ मुळे आलं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. ते १९७८ पासूनच मर्सिडीजमध्ये मिळत होतं. टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा मात्र मालिकेत बनणाऱ्या गाडीत पहिल्यांदा आली ती ९५९ मध्ये, असं मानलं जातं. आज ती आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही असते. पण अवघ्या तीनशे गाड्यांतून ती आपल्या दारात थेट येऊन पोहोचली नाही. मधे सेन्सर स्वस्त झाले, इतर देशांत कायदे झाले.

सरळ रेघ ओढता येते ती पोर्शेच्या स्वतःच्या गाड्यांपर्यंत. १९८९ मध्ये ९११ कारेरा ४ आली, चारही चाकांची, पण यंत्रणा साधी आणि वाटणी ठरावीक. १९९५ च्या ९११ टर्बोमध्ये दोन टर्बो आणि चारही चाकांची ताकद एकत्र आली. दशक संपता संपता ९११ चं इंजिन पूर्णपणे पाण्यावर थंड होऊ लागलं, आणि पोर्शेप्रेमींनी जो आक्रोश करायचा तो केला. संगणकाच्या हुकमावर आवळणारा अनेक चकत्यांचा क्लच ९११ टर्बोमध्ये आला २००६ मध्ये. म्हणजे ९५९ नंतर जवळजवळ वीस वर्षांनी.

"हल्ली असं होतं का?"

क्वचित. जागतिक रॅलीच्या वरच्या गटातल्या गाड्यांना २०२२ पासून नळ्यांचा खास सांगाडा असतो आणि वरून ओळखीच्या मॉडेलसारखं कवच. शोरूममध्ये तिची सख्खी बहीण उभी असायलाच हवी, ही सक्ती उरली नाही.

त्याआधीच्या नियमांवर डोळा ठेवून टोयोटाने २०२० मध्ये 'जीआर यारिस' आणली. नाव साध्या यारिसचं, पण बॉडी तीन दारांची, छत मागे उतरतं, १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद. ड्रायव्हर कळ फिरवून पुढची-मागची वाटणी बदलू शकतो. तिच्यावरून २०२१ च्या हंगामासाठी जी रॅली कार व्हायची होती, ती कोविडच्या गोंधळात रद्द झाली. रस्त्यावरची गाडी मात्र विक्रीला आली आणि खपली. मग खालच्या गटासाठी, जिथे कारखान्यात बनणाऱ्या गाडीचा आधार अजूनही लागतो, तिची 'रॅली २' आवृत्ती तयार झाली. जागतिक रॅली स्पर्धेत ती पहिल्यांदा सुटली जानेवारी २०२४ मध्ये, माँटे कार्लोच्या रॅलीत.